टिकलेला सोफा का टिकला? अनुभव सांगा

आज जुन्या सोफ्याचं कापड बदलायला कारागीर आलेत. त्यांनी बुडाचं काळं कापड उसवलं आणि आतली लाकडी चौकट, तिच्यावर ताणलेले पट्टे, कोपऱ्याकोपऱ्यात बसवलेले तिकोनी ठोकळे, सगळं उघडं पडलं. एकदम बाबा आठवले. हा सोफा घेताना ते दुकानात चक्क जमिनीवर वाकून खालून हात घालून बघत होते, आई लाजून बाजूला झालेली, आणि मला तेव्हा फक्त रंग कळत होता. चौकट अजून जराही हलत नाहीये. कारागीर म्हणाले, ताई नुसता फोम आणि कापड बदला, बाकीला हात नका लावू. म्हणून विचारते, तुमच्याकडचा टिकला तो का टिकला, आणि बसला तो का बसला? लहान भाऊ नवीन घर लावतोय, त्याला वाचायला देणारे.

सुताराची नात
तुमच्या बाबांना माझा नमस्कार! आमचे आजोबा असंच करायचे. त्यांची एक युक्ती सांगते, सोफ्याचा पुढचा एक पाय वीतभर उचलायचा, दुसरा पुढचा पाय लगेच वर आला पाहिजे. तो जमिनीलाच चिकटून राहिला तर चौकट पिळवटतेय, सरळ पुढच्या सोफ्याकडे जायचं. आणि सांध्यात डिंक नि स्क्रू आहेत की नुसत्या स्टेपल पिना मारल्यात ते विचारा. भुशाच्या बोर्डात स्क्रू एकदा सैल झाला की परत पकड घेत नाही, पाणी लागलं की फुगतो तो वेगळाच. सागवान शिसवीच हवं असं काही नाही हो, नीट वाळवलेलं कुठलंही घट्ट लाकूड किंवा चांगलं जाड प्लाय चालतं.

अबोली
लाकडाचं ठीक आहे पण आमच्याकडे सगळा प्रश्न सासूबाईंच्या गुडघ्यांचा होता. हल्ली ते जमिनीलगत बसके सोफे येतात ना, दिसायला काय सुंदर, पण त्यात बसलं की माणूस उठतच नाही. आम्ही त्यांनाच दुकानात नेलं, ज्याच्यातून कुणाचा हात न धरता उठता आलं तो घेतला. बैठक जमिनीपासून १८ इंच भरली, फोम जरा कडक, आणि हात लाकडी, उठताना पक्कं धरायला. बैठक पुढून मागे किती खोल आहे तेही बघा, पाठ टेकवल्यावर गुडघ्यामागे दोनतीन बोटं जागा राहिली पाहिजे नाहीतर पाय लोंबकळतात. माझी उंची कमी, मी पाठीशी उशी घेते. थांबा, कुकर झाला, येते परत

निवांत
फोमबद्दल कुणी बोलेना म्हणून लिहितो. दुकानात डेन्सिटी ४० म्हणतात म्हणजे एक घनमीटर फोमचं वजन ४० किलो. त्याचा मऊपणाशी थेट संबंध नाही, जास्त डेन्सिटीचा फोमसुद्धा मऊ असतो आणि हलका फोमही सुरुवातीला कडक लागू शकतो, पण हलका लवकर दबून खड्डा पडतो. आमच्या कारागिरानं बैठकीला ४० आणि पाठीला २८ घातला, पाठीवर तेवढा भार येत नाही म्हणून. डेन्सिटी बिलावर लिहून घ्या, तोंडी नको. आणि दुकानात दोन मिनिटं नका बसू, घरी जसे पसरता तसे पसरा, पुस्तक वाचा, फोन करा. आमच्या हिनं तर डुलकी काढली, दुकानदारही काही बोलला नाही 😄

मनीची आई
निवांत, तुमच्या हिला टाळ्या 😂
आमच्या घरी मांजर आहे एवढं सांगितलं की कळलं असेल. सैल विणीचं, धाग्याचे फास वर आलेलं कापड अजिबात नको, त्यात नखं अडकतात आणि धागाच्या धागा बाहेर. घट्ट विणीच्या, मखमलीसारख्या कापडाकडे ती ढुंकून बघत नाही.

भटकी
मनीचा फोटो कुठाय?

मनीची आई
झोपलीये, उठली की टाकते

जुईली
रेक्झिनचं लिहा कुणीतरी!! आमच्या सोफ्याचे पापुद्रे निघून पोरांच्या पायाला, केसाला, सगळीकडे काळे तुकडे, रोज झाडायचे, जीव नकोसा झाला. दुकानदारानं लेदर म्हणूनच विकलेलं. दमट हवेत ते वरचं पातळ प्लॅस्टिक सुटत जातं म्हणे, आणि एकदा सुटायला लागलं की काही इलाज नाही.

धागाकर्ती
अगं जुईली, पोरांचे पाय! त्रास झाला असेल गं. चौकट चांगली असेल तर टाकू नकोस, नुसतं वरचं बदलून घे. आमचे कारागीर म्हणतात कापड किती वेळा घासलं तरी टिकतं तो आकडा विचारायचा, मार्टिंडेल म्हणतात त्याला, रोजच्या वापराला २०,००० च्या वर असलेलं बघा. आणि खिडकीतलं ऊन थेट येत असेल तर गडद रंग विटतो.

अबोली
आले परत. उशांना चेन आहे म्हणजे धुता येतं असं धरून चालू नका हं. बऱ्याचदा ती फक्त आत फोम भरण्यासाठी असते, कापड धुतलं की आटतं आणि मग ओढूनताणूनही बसत नाही. आधी विचारा. दोन्ही बाजूंनी वापरता येणाऱ्या सुट्या उशा सगळ्यात बऱ्या, मी घर झाडताना उलटसुलट करते, जागाही बदलते, म्हणजे ह्यांच्या ठरलेल्या कोपऱ्यातच खड्डा पडत नाही.

निवांत
ठरलेला कोपरा 👍 आमच्याकडे त्यावरून भांडणं होतात.

भटकी
आम्ही भाड्याच्या घरात, सारखं बदलतो. म्हणून एल आकाराचा नाहीच घेतला, त्याची लांब बाजू डावीकडे हवी की उजवीकडे ते घरागणिक बदलतं. तीन नि दोन असे सुटे घेतले, पाय स्क्रूने निघणारे. दार, लिफ्ट, जिन्याचं वळण, सगळ्याचं माप आधी घ्या. शेजाऱ्यांचा सोफा जिन्यात अडकलेला, वर जाईना खाली येईना, शेवटी हात कापून काढावा लागला (सोफ्याचा!). धागाकर्तीच्या भावाला सांगा, जमिनीवर वर्तमानपत्रं पसरून सोफ्याएवढी जागा आखायची आणि मधून चालून बघायचं.

धागाकर्ती
हे भारी आहे, लगेच त्याला पाठवते. रिक्लायनर कुणाकडे आहे का? वहिनीला तोच हवाय.

सुताराची नात
आमच्याकडे आहे. पाठ मागे जाते, त्यामुळे भिंतीपासून मोकळी जागा लागते, काहींना कमी, काहींना चांगली वीत-दोन वीत, दुकानातच पूर्ण उघडून मोजा. आणि खालच्या लोखंडी सांगाड्याची वॉरंटी वेगळी असते, ती विचारा. लहान मुलं असतील तर बंद करताना आधी वाकून खाली बघायचं, बोटं अडकतात.

मनीची आई
मांजरसुद्धा शिरतं तिथे! भटकी, फोटो टाकलाय बघ.