मदत हवी आहे: पिकलेली नेंद्रन केळी तळताना काळी पडतात, नाहीतर तेल पितात

पूर्णाकाठ:
नमस्कार मंडळी. अंजनगाव सुर्जीकडच्या बागेतला नेंद्रन केळीचा (केरळकडची मोठी, घट्ट गराची जात) घड घरी आला आहे. केरळात, तिकडे नायजेरिया-घानातही, अशा पिकल्या केळीचे काप तळून खातात. तेच करते आहे. लोखंडी कढई आहे, सोयाबीनचं तेल आहे, चूल आणि गॅस दोन्ही आहेत. एका घाण्याचे काप वरून काळपट आणि मधोमध कडक निघतात, दुसऱ्या घाण्याचे लिबलिबीत होऊन तेलाने भरतात. केळी किती पिकलेली घ्यावी? काप किती जाड आणि आच किती? नेंद्रन संपल्यावर आपली जी-नऊ (बाजारातली नेहमीची ग्रँड नैन केळी) चालेल का?

सराटा:
ताई, आधी केळी वेगळी करा. एकाच घडातल्या वरच्या आणि खालच्या फण्या एकाच दिवशी पिकत नाहीत, आणि त्या एका घाण्यात पडल्या की तुम्ही म्हणता तसंच होतं. केळी पिकते तसा तिच्यातला स्टार्च साखर होत जातो. साखर तेलात लवकर लाल होते, मग करपते. नेंद्रन पिकल्यावरही बराच स्टार्च धरून ठेवते, म्हणून तिचा काप कढईत मोडत नाही.

तळायला साल पिवळी, तिच्यावर काळे ठिपके-पट्टे, आणि बोटाने दाबल्यावर गर किंचित दबेल अशी केळी घ्या. नुसती पिवळी असेल तर गोडी कमी आणि मध्य कडक. साल पूर्ण काळी होऊन गर पाणचट झाला असेल तर ती तळूच नका, कुस्करून कणिक आणि गुळात घालून गुलगुले करा.

एक खबरदारी: थंडीने काळी पडलेली साल म्हणजे पिकलेली केळी नव्हे. १३ अंशाच्या खाली केळीला गारठा बाधतो, साल काळवंडते आणि आत पिकणं थांबतं. त्यामुळे फ्रिजमध्ये ठेवू नका, आणि हिवाळ्याच्या रात्री ओसरीवरही नको. फणी सुटी करून बारदान्यात गुंडाळा, सोबत एक-दोन पिकलेली केळी ठेवा. त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने बाकीची पिकतात. कार्बाइडची पुडी कुणी दिली तरी घेऊ नका, फळं पिकवायला त्यावर कायद्याने बंदी आहे.

काप तिरपे, अर्धा इंच जाड. पातळ कापले तर काप लवकर वाळतात आणि कडा करपतात. पिकल्या नेंद्रनची साल चिकटते. दोन्ही टोकं छाटा, सुरीच्या टोकाने उभी चीर द्या आणि साल आडवी सोडवा. मीठ आधी लावू नका, पाणी सुटतं आणि तेल उडतं. तळून झाल्यावर भुरभुरवा.

कढईत तेल दोन इंच तरी हवं. १७० अंशाच्या आसपास तापलं की एका वेळी पाच-सहाच काप सोडा. जास्त टाकले की तेल थंड होतं, कापाच्या भोवतीचे बुडबुडे मंदावतात आणि तेल आत शिरतं. एका बाजूने दीड ते दोन मिनिटं, मग उलटवा. गडद सोनेरी रंग येण्याच्या थोडं आधीच काढा, बाहेर आल्यावरही रंग चढतो. निथळायला जाळी घ्या, कागदावर खालची बाजू वाफेने ओली होते.

पऱ्हाटी:
थर्मामीटर कायले पाह्यजे? लाकडाची कोरडी काडी तेलात उभी धरजा. तिच्या भोवती बारीक बुडबुडे सारखे निघाले का तेल तयार. एकदम फसफसलं तर लय तापलं. चुलीत पऱ्हाट्या-तुराट्या, म्हणजे कापसाच्या-तुरीच्या वाळल्या काड्या, नका लावू, त्या भडकतात आणि लगेच विझतात, आच वर-खाली होते. बाभळीचं लाकूड लावजा. निखारे झाले का आच एकसारखी राह्यते.

पूर्णाकाठ:
काडीची युक्ती कामाची आहे भाऊ. केरळातल्या पळमपोरीसारखं पीठ लावायचं असेल तर? कढईत पीठ केळीवरून निसटतं.

सराटा:
केळी ओलसर असते म्हणून निसटतं. दोन नेंद्रनसाठी एक वाटी मैदा, दोन चमचे तांदळाची पिठी, एक चमचा साखर, पाव चमचा हळद, चिमूटभर मीठ आणि वेलची घ्या. पाणी पाऊण वाटीच्या आत, थोडं थोडं घाला. पीठ भज्याच्या पिठापेक्षा जरा सैल, पण चमच्याला धरून राहील असं. केळीच्या उभ्या चिरट्या करा, आधी कोरड्या मैद्यात घोळवा, मग पिठात बुडवा. सोडा घालू नका, आवरण जाळीदार होतं आणि तेल ओढतं. मैद्याऐवजी कणिक चालते, पण आवरण जाड आणि मऊ होतं. मला स्वतःला बिनपिठाचे कापच जास्त आवडतात, नेंद्रनची चव त्यातच कळते.

तिखट हवं असेल तर घानातल्या केलेवेलेसारखं करा. चौकोनी तुकडे, वाटलेलं आलं, लाल तिखट आणि मीठ. इथे मीठ आधीच लागतं, म्हणून चोळलं की लगेच कढईत टाकायचं, मुरायला ठेवायचं नाही.

अकोट बागायत:
जी-नऊबद्दल. पिवळी पण टोकं अजून हिरवट, एकही ठिपका नाही, अशी घ्या. काप पाऊण इंचाचे. पूर्ण पिकलेल्या जी-नऊमध्ये स्टार्च अगदी थोडा उरतो, तेलात ती विरघळल्यासारखी होते. ती पीठ लावूनच तळा, किंवा तव्यावर थोड्या तेलात परता. मे महिन्यात सालीच्या रंगावर जाऊ नका, उन्हाळ्यात या जातीची साल हिरवट राहते आणि आतला गर मऊ झालेला असतो. दाबून पाहा.

पूर्णाकाठ:
उरलेलं तेल परत वापरता येईल का?

पऱ्हाटी:
निवू द्या, मग फडक्यातून गाळा. तळाशी साखरेचा काळा गाळ बसते, तो राह्यला तर पुढचा घाणा कडू लागते. गाळलेलं तेल एक-दोन दिवसांत फोडणीले वापरून टाका. काळं झालं असंल, वास येत असंल तर फेकून द्या.