लॅटरल रेज आणि ओव्हरहेड प्रेस करताना खांद्यात कट्कट्: नेमकं काय बदलावं?

प्रश्न
लॅटरल रेज (डंबेल धरून हात बाजूने वर उचलणं) आणि डंबेल ओव्हरहेड प्रेस (डंबेल डोक्यावर ढकलणं) करताना उजव्या खांद्यात कट् असा आवाज येतो. हात खांद्याच्या उंचीला पोचतो तिथे, जवळजवळ प्रत्येक रेपला (आवर्तनाला). दुखत नाही, सूज नाही, हात पूर्ण वर जातो. बेंच प्रेस आणि रोइंगला काही नाही. व्यायाम थांबवायचा की फॉर्म सुधारून चालू ठेवायचा?

प्रतिसाद १
वेदना नाही, ताकद कमी झालेली नाही आणि हात कुठे अडकत नाही, तर नुसत्या आवाजासाठी व्यायाम बंद करू नका. पण आवाज कुठून येतो ते आधी शोधा, उपाय त्यावरच ठरतो.

सांध्यातल्या द्रवात वायूची पोकळी तयार होऊन जो आवाज होतो, तो एकदा आला की साधारण २० मिनिटं परत येत नाही. तुमचा दर रेपला येतोय, म्हणजे एखादं टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारा दोर) हाडाच्या उंचवट्यावरून सरकत असण्याची शक्यता जास्त.

वजन न घेता डाव्या हाताची बोटं उजव्या खांद्यावर ठेवा आणि उजवा हात सावकाश वर न्या. समोरच्या बाजूला बोटाखाली काही उडी मारल्यासारखं लागलं, तर बायसेप्सच्या लांब टेंडनकडे बघा; कोपर ९० अंशात वाकवून हात आत-बाहेर फिरवला की ते जास्त स्पष्ट कळतं. खांद्याच्या माथ्यावर, कॉलरबोन संपतं तिथे आवाज असेल तर एसी सांधा, म्हणजे कॉलरबोन आणि खवाट्यातला सांधा. पाठीमागे खरखर असेल तर खवाटा (खांद्यामागचं चपटं हाड) बरगड्यांवरून नीट सरकत नाहीये. अगदी खोलवर ठक् होऊन सांधा क्षणभर अडकत असेल, तर लॅबरमची (खांद्याच्या खोबणीच्या कडेची कूर्चा) शंका घ्या आणि घरगुती प्रयोग सोडून तपासून घ्या.

आता दुसऱ्या कुणाला तरी मागे उभं करा. तुम्ही हात वर नेताना त्यांनी खवाट्याचं खालचं टोक अंगठ्याने वर आणि बाहेरच्या दिशेला हलकेच ढकलायचं. आवाज कमी झाला तर मुद्दा बहुधा खवाट्याच्या नियंत्रणाचा आहे.

धागाकर्ता
तसं करून पाहिलं. खवाट्याला आधार दिला की आवाज जवळजवळ जातो. हात खाली येताना मात्र थोडा राहतो.

प्रतिसाद २
मग चित्र बरंच स्पष्ट आहे. हात डोक्यावर पूर्ण नेताना १८० अंशांपैकी साधारण ६० अंश खवाटा फिरतो, उरलेले १२० मुख्य सांध्यातून येतात. खवाटा मागे पडला की दंडाचं हाड वर, खांद्याच्या माथ्याच्या हाडाकडे सरकतं आणि मधल्या टेंडनची जागा कमी होते.

लॅटरल रेज: हात सरळ बाजूला नेऊ नका, ३० अंश समोर आणा. अंगठा किंचित वर. करंगळी वर करून 'पाणी ओतायची' जी पद्धत शिकवतात, ती खांदा आत फिरवते, ती सोडा. उंची खांद्याइतकीच, खाली आणायला ३ सेकंद. वजन निम्म्यावर आणा. तुमचा आवाज उतरताना राहतो, त्यामुळे या ३ सेकंदांत घाई नको.

प्रेस: कोपरं शरीराच्या थोडी पुढे, तळवे एकमेकांकडे अर्धवट वळलेले. बरगड्या पुढे काढून कंबर वाकवली की हात वर गेल्यासारखा दिसतो, पण खांदा तितका उघडलेला नसतो. वर पोचल्यावर खांदे कानाकडे थोडे जाऊ द्या. 'खवाटे खाली दाबून धरा' ही सूचना बेंच प्रेसला ठीक आहे, ओव्हरहेडला उलटी पडते. तरीही आवाज आला तर काही आठवडे लँडमाइन प्रेस (बारचं एक टोक जमिनीवर टेकवून दुसरं तिरकं वर ढकलणं) करा. मानेमागून प्रेस आणि अरुंद पकडीचं अपराइट रोइंग (बार हनुवटीकडे ओढणं) सध्या नकोच.

प्रतिसाद ३
फॉर्मसोबत ताकदही लागेल. आठवड्यातून ३ दिवस, मुख्य व्यायामाच्या आधी नको. थकलेला रोटेटर कफ (खांदा जागेवर धरणारे छोटे स्नायू) घेऊन प्रेसला उभं राहण्यात अर्थ नाही.

बँडने एक्स्टर्नल रोटेशन: काखेत गुंडाळलेला छोटा टॉवेल, कोपर ९० अंशात, बँड कोपराच्या उंचीला बांधलेला. हात बाहेर न्या, १ सेकंद थांबा, ३ सेकंदांत परत. १२ ते १५ रेप्सचे ३ सेट. टॉवेल पडला तर कोपर शरीरापासून सुटतंय. मनगट मागे वाकत असेल तर बँड जड आहे. सगळे इथेच चुकतात: बँड जड घेतात आणि मग अंग वळवून ओढतात.

पुशअप प्लस: वर आल्यावर कोपरं सरळ ठेवूनच पाठ आणखी थोडी वर ढकला, १० रेप्सचे २ सेट. सेरेटस अँटिरिअर हा बरगड्यांवरचा स्नायू यानेच जागा होतो आणि खवाटा वर फिरवायचं मोठं काम त्याचं. जोडीला पालथं पडून १-२ किलोचे वाय रेज (हात इंग्रजी Y सारखे तिरके वर उचलणं).

स्ट्रेचिंगबद्दल सावध. कोपर उलट्या दिशेला वाकत असेल किंवा मनगट वाकवून अंगठा सहज मनगट-कोपरामधल्या हाताला टेकत असेल, तर सांधे मुळात सैल आहेत. अशा खांद्याला दारात लटकवून ताणणं वाईटच.

धागाकर्ता
वजन परत कधी वाढवायचं? आणि एमआरआय करून ठेवावा का?

प्रतिसाद १
ठरलेल्या वजनावर सगळे सेट वेदनेशिवाय आणि खांद्याला झटका न देता झाले की पुढचं लहान डंबेल घ्या. ताकदीतला फरक कळायला ६ ते ८ आठवडे धरा. आवाज थोडा उरला तरी चालेल.

लक्षणं नसताना एमआरआय नको; न दुखणाऱ्या खांद्यांतही त्यात बारीकसारीक दोष दिसतात आणि उगाच घोर लागतो. पण आवाजासोबत वेदना सुरू झाली, रात्री त्या कुशीवर झोपता येईना, खांदा निसटल्यासारखा वाटला, हाताला मुंग्या आल्या, किंवा पडल्या-आपटल्यानंतर हात वर जाईना, तर ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे जा. तिथे सांगताना 'खांदा वाजतो' एवढंच सांगू नका. कोणता व्यायाम, कोणता कोन, हात वर जाताना की उतरताना, हे सांगा.