झाडाखाली टिपलेल्या पक्ष्यांवर हिरवट झाक येते, ती कशी काढायची?

प्रश्न

अंगणात झाडाखाली, हिरवळीवर पाण्याचं पसरट भांडं ठेवलं आहे. शेजारच्या बुटक्या फांदीवर दयाळ आणि बुलबुल बसतात. सेटिंग: ४०० मिमी, एफ/६.३, १/१००० सेकंद, आयएसओ १६००, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल), व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची भरपाई) ऑटो. दयाळाचं पांढरं पोट हिरवट-पिवळं येतं. लाइटरूममध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) टिंट (हिरवा ते मॅजेंटा, म्हणजे गुलाबी-जांभळा, असा तोल) मॅजेंटाकडे +२५ नेला की पोट सुधारतं, पण मागची पानं मरगळतात आणि फांदी जांभळट होते. लागोपाठच्या दोन फोटोंतही रंग जुळत नाही. बुलबुलाच्या बुडाचा लाल भाग तर नुसता ठिपका दिसतो, पिसं गायब. नेमकं काय चुकतंय?

प्रतिसाद १

फोटोगणिक रंग बदलतो तो ऑटोमुळे. चौकटीत पानं जास्त आली की कॅमेरा वेगळा अंदाज बांधतो, पक्षी जवळ आला की वेगळा. रॉ असल्यामुळे नुकसान काही नाही, पण व्हाइट बॅलन्स ५५०० केल्विनवर ठेवून द्या, म्हणजे निदान सगळे फोटो सारखेच चुकतील आणि एकदम दुरुस्त करता येतील.

पक्षी येण्याआधी त्याच फांदीपाशी ग्रे कार्ड (कुठलीही छटा नसलेलं करडं कार्ड) धरून एक फोटो घ्या. कार्डाचं तोंड कॅमेऱ्याकडे हवं. एडिटिंगमध्ये आधी प्रोफाइल (रॉमधले रंग कसे दाखवायचे याचा साचा) निवडा, मग ड्रॉपरने कार्डावर क्लिक करा आणि आलेलं टेम्परेचर (निळा-पिवळा तोल) आणि टिंट बाकीच्या फोटोंना सिंक करा. प्रोफाइल नंतर बदललं तर रंगांची छटा पुन्हा हलते, म्हणून हा क्रम. ऊन सरकलं किंवा ढग आला की कार्डाचा फोटो नवा घ्यायचा.

प्रतिसाद २

कार्डाचं पटतं, पण त्याने पोटाचा प्रश्न सुटणार नाही. कॅमेऱ्याकडे तोंड केलेल्या कार्डावर पडतो तो समोरचा प्रकाश. पोटाखालच्या पिसांवर पडतो तो हिरवळीवरून उसळलेला. एकाच पक्ष्यावर दोन रंगांचा उजेड असेल तर एक स्लायडर दोन्ही कसे सांभाळणार? तुमची फांदी जांभळी होते ती त्यामुळेच.

पूर्ण फोटोला कार्डाचंच मूल्य ठेवा. मग सब्जेक्ट मास्क (फक्त पक्षी निवडून बदल तेवढ्यावरच करणारं साधन) घ्या, त्यातून पाठ आणि डोकं ब्रशने वजा करा, फक्त पोट आणि शेपटीची खालची बाजू उरू द्या. त्या मास्कमध्ये टिंट +८ ते +१५, सॅच्युरेशन -१० ते -२०. पायांच्या आसपास १०० टक्के झूम करून बघा: मास्क फांदीवर सांडला की तिथे गुलाबी रेघ उमटते. आणि पोट अगदी कागदासारखं पांढरं करू नका. सावलीतलं पांढरं करडंच असतं, किंचित हिरवं राहिलं तर पक्षी त्या जागेचा वाटतो, कापून चिकटवलेला नाही.

खरा उपाय मात्र फांदीखालीच आहे. भांड्याभोवतीच्या हिरवळीवर मळकट करडं किंवा मातकट कापड अंथरा. पांढरं नको, त्याने पोट जास्तच उजळतं. बसायची फांदी उंच केली तरी हिरवा उजेड कमी पोचतो.

प्रतिसाद ३

लाल ठिपक्याबद्दल. कॅमेऱ्यावरचा एकरंगी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) सुरक्षित दिसत असतानाही लाल चॅनेल फुटलेला, म्हणजे कमाल मर्यादेला जाऊन तपशील हरवलेला, असू शकतो. आरजीबी (लाल, हिरवा, निळा वेगवेगळा दाखवणारा) हिस्टोग्राम चालू करा आणि लाल आलेख उजव्या भिंतीला टेकत असेल तर एक्सपोजर -०.७ करा.

आधीच काढलेल्या फोटोंत लाइटरूममध्ये एक्सपोजर स्लायडर ऑल्ट दाबून ओढा. फक्त लाल चॅनेल फुटला असेल तर ती जागा लाल दिसेल. रॉमध्ये तपशील बऱ्याचदा शाबूत असतो. टेम्परेचर वाढवलं की लाल चॅनेल आणखी ताणला जातो, म्हणून बुडावर छोटा मास्क लावून एक्सपोजर -०.५ आणि सॅच्युरेशन -१५ करा, पिसांच्या कडा परत दिसू लागतात. व्हायब्रन्स-सॅच्युरेशन सगळ्या फोटोला वाढवायची सवय असेल तर ती आधी सोडा, बुलबुलाचं बुड मुळातच भडक असतं.

प्रश्नकर्ता

मास्कने पोट जमलं. पण आता नर दयाळाचं काळं डोकं निळसर दिसतंय. तिथेही टिंट लावू का?

प्रतिसाद २

नको. नर दयाळाचा काळा निळी चमक असलेलाच असतो, शिवाय तुकतुकीत पिसांत आकाशाचं प्रतिबिंब पडतं. शिंजिर या पक्ष्याचं तर कोन बदलला की जांभळ्याचं काळं होतं, कारण तो रंग पिसांच्या सूक्ष्म रचनेतून येतो. ही चमक काढली तर पक्षी कोळशासारखा सपाट दिसेल. चमक सोडून उरलेला काळा भागही निळा असेल तरच टेम्परेचर १५०-२०० केल्विनने वाढवून बघा.

प्रतिसाद १

एक राहिलं: एडिट करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद आहे ना? तो पडदा पिवळा करतो, मग आपण फोटो निळा करत बसतो. आणि वेबसाठी एक्सपोर्ट एसआरजीबी या रंगप्रणालीतच करा. ॲडोबी आरजीबीतली फाइल काही ॲपमध्ये फिकी दिसते.