फ्लॉपी जुन्याच ड्राइव्हमध्ये फॉरमॅट करा

१.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीला फॉरमॅट केलेली सव्वापाच इंची फ्लॉपी जुना ३६० केबीचा ड्राइव्ह वाचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. दोष बहुधा फ्लॉपीचा नाही, ट्रॅकच्या, म्हणजे डेटा लिहिला जातो त्या गोल पट्ट्यांच्या, रुंदीचा आहे. १.२ एमबीचा ड्राइव्ह ८० ट्रॅकचा, म्हणून त्याचं हेड (लिहिणारा-वाचणारा भाग) अरुंद. ३६० केबीचा ४० ट्रॅकचा, हेड रुंद. अरुंद हेडने मधली पट्टी नवी लिहिली तरी कडेला जुना मजकूर उरतो आणि रुंद हेड दोन्ही एकदम वाचतं. त्यामुळे फ्लॉपी आधी चुंबकाने पूर्ण पुसा, किंवा सरळ ३६० केबीच्या ड्राइव्हमध्येच फॉरमॅट करा. मी यातला दुसरा पर्याय सुचवेन. आणि कृपया हाय डेन्सिटी (१.२ एमबीची) फ्लॉपी ३६० केबीला वापरू नका. तिचा चुंबकीय थर वेगळा असतो, डेटा टिकत नाही.