काडतुसाच्या पुंगळ्या साइझ केल्या तरी माप एकसारखं येईना, डाय बदलू का?

साताराकर_ओहायो:
नमस्कार मंडळी. मूळचा साताऱ्याचा, गेली बारा वर्षं ओहायोत, सध्या सुट्टीला घरी आलोय आणि बाहेर पाऊस काही थांबायचं नाव घेत नाही म्हणून निवांत टाइप करत बसलोय. तिकडं रेंजवर .३०८ ची बोल्ट ॲक्शन रायफल चालवतो आणि काडतुसं घरी रिलोड करतो, म्हणजे उडालेली रिकामी पितळी पुंगळी डायमधनं दाबून परत मापात आणायची (साइझ करायची) आणि पुन्हा भरायची (तिकडं कायद्यानं चालतं, कृपया त्यावरनं सुरू होऊ नका). अडचण अशी आहे की फुल लेंथ डायमधनं (अख्खी पुंगळी आवळणारा साचा) पुंगळी काढली की खांदा, म्हणजे मानेखालचा उतार, साधारण दोन थाऊ मागं जायला पाहिजे, म्हणजे इंचाचे दोन हजारांश, आपल्या भाषेत ५० मायक्रॉन. माझ्या ६० पुंगळ्यांत काहींचा एक थाऊ जातो, काहींचा चार, आणि सात-आठ तर साइझ केल्यावर आधीपेक्षा लांब निघाल्या! डाय तीच, प्रेस तोच, लॉक रिंग घट्ट आहे, सेटिंगला बोट लावलेलं नाही. पुंगळ्या मिक्स आहेत, दोन ब्रँडच्या माझ्याच वापरातल्या आणि थोड्या मित्रानं दिलेल्या मिलिटरीच्या. डाय खराब झाली म्हणायची का? नवीन घ्यायला पैसे जातील त्याचं काही नाही, पण तरी तेच झालं तर उगाच डोक्याला ताप.

प्रेसवाला_कुपवाड:
दादा मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही पण कुपवाड एमआयडीसीत पितळेचे कप ड्रॉ करण्यात (पत्रा डायमध्ये ओढून कप काढण्यात) बावीस वर्षं गेली, आणि तुमची पुंगळी म्हणजे शेवटी ड्रॉ केलेला कपच की. ७० टक्के तांबं ३० टक्के जस्त, बरोबर ना? मग डायला शिव्या देऊ नका. हे पितळ जितक्या वेळा दाबाल, फुगवाल तितकं कडक होतं, आणि कडक झालं की स्प्रिंगबॅक वाढतो, डायमधनं बाहेर आलं की परत थोडं जागेवर जातं. आमच्याकडं दोन भट्ट्यांचा माल चुकून एका लॉटमध्ये मिसळला की असंच होतं, डाय तीच, पंच तोच आणि गेजमध्ये निम्मा माल जाईना, मग ऑपरेटर, सुपरवायझर, मालक सगळे एकमेकांच्या अंगावर. तुमची एक पुंगळी दोनदा उडालेली, दुसरी सात वेळा, तिसरी कुणाची कितीदा उडाली देवाला माहीत. तीन वेगळे धातू आहेत असंच समजा.
आणि लांब झालेल्यांचं पण गूढ नाही काही. डाय आधी अंग आवळते, मग आवळलेलं पितळ जाणार कुठं, पुढं सरकतं, टूथपेस्टच्या ट्यूबसारखं. शेवटच्या टप्प्याला डायचा खांदा पुंगळीच्या खांद्यावर टेकतो तेव्हा कुठं ते मागं ढकललं जातं. कडक पुंगळी असली की प्रेसच थोडा ताणतो आणि तो शेवटचा केसभर स्ट्रोक राहून जातो. पुंगळी आत असताना हँडल पूर्ण खाली दाबून धरा आणि मागनं बॅटरी मारून बघा, डाय आणि शेलहोल्डरच्या (पुंगळीचं बूड धरतो तो भाग) मधनं उजेड दिसला तर समजा तिथंच घोळ आहे.

कऱ्हाडकर_टेक्सास:
वरच्यांना १०० मार्क, गन न बघता सांगितलं राव 😄 मी थोडं जोडतो. आधी मोजण्यातली चूक काढून टाक, फायर केलेला प्रायमर (बुडातली ठिणगीची टोपी) आत ठेवून माप घेत असशील तर तो जरा बाहेर आलेला असतो आणि कॅलिपरचा जबडा त्यावर टेकतो, सगळे आकडे खोटे. प्रायमर काढून मग मोज. दुसरं म्हणजे एक्सपांडर बॉल, डायच्या आतल्या दांडीवरचा गोळा, मान आतनं मापात आणतो तो. मानेच्या आत लूब (वंगण) नसेल तर हँडल वर घेताना तो बॉल मानेला धरून खेचतो आणि खांदा पण पुढं येतो, तेव्हा कर्रर्र असा आवाज येतो बघ, मी त्या आवाजाकडं दोन वर्षं दुर्लक्ष केलं. बॉल काढून पाच पुंगळ्या कर, माप एकसारखं आलं तर चोर सापडला. लूब पण सगळ्यांना सारखं लाव, आणि जास्त थापू नकोस, खांद्यावर खड्डे पडतात. आणि हँडल खाली नेलं की लगेच उचलू नकोस, तीन-चार सेकंद धर. एवढ्यानं माझा फरक निम्म्यावर आला होता.

सुभेदार_रिटायर्ड:
साताऱ्याच्या अपशिंगे मिलिटरी गावाजवळच राहतो, म्हणून नाव बघून थांबलो. आमच्यात रिलोड बिलोड काही नसतं, फायरिंग झालं की खोखे (रिकाम्या पुंगळ्या) मोजून जमा, एक कमी भरला तर अख्खी कंपनी गवतात शोधत बसते. पण मिलिटरीचं पितळ जाड असतं, आणि मशीनगनमधनं निघालेलं असेल तर त्या चेंबर (काडतूस बसतं ती जागा) ढिल्या असतात, पुंगळी ताणूनच बाहेर येते. तो माल वेगळाच ठेवा. जाड असल्यामुळं आत जागा कमी राहते, म्हणजे त्याच वजनाच्या बारूदला प्रेशर जास्त. ही गोष्ट मापाच्या भानगडीपेक्षा मोठी आहे.
इथल्या पोरांसाठी पण लिहितो, भारतात हे घरी करायचं नाही. आर्म्स ॲक्ट १९५९ च्या कलम ५ प्रमाणं लायसन्सशिवाय काडतूस बनवणं गुन्हा आहे.

साताराकर_ओहायो:
धन्यवाद सगळ्यांना. फोनमध्ये मापांचा तक्ता होताच, काल रात्री लाइट गेलेली तेव्हा बसून हेडस्टँपप्रमाणं (बुडावरचा छाप) वेगळा केला. एकदाच उडालेल्या एका ब्रँडच्या १८ पुंगळ्या एका थाऊच्या आत आहेत!! लांब झालेल्यांपैकी सहा मिलिटरीच्या. आणि हो, तो कर्रर्र आवाज येतो 🙈 मानेत आतनं लूब मी कधी लावतच नव्हतो. मग आता जुन्या पुंगळ्या ॲनील करू का, म्हणजे तापवून मऊ? आणि तोपर्यंत डाय अजून थोडी खाली घेतली तर?

प्रेसवाला_कुपवाड:
ॲनील करा पण फक्त मान आणि खांदा. बूड गरम होता कामा नये, तिथं कडकपणाच पाहिजे, बूड मऊ पडलं तर स्फोट तुमच्या तोंडासमोर आहे. आणि चमकवायला अमोनियावालं पॉलिश वापरू नका, ताण असलेलं पितळ अमोनियानं तडकतं. इंग्रजांच्या काळात पावसाळ्यात तबेल्यात ठेवलेली काडतुसं अशीच तडकायची, घोड्यांच्या मुतातल्या अमोनियानं. पावसाळ्यातच व्हायचं म्हणून नाव पडलं सीझन क्रॅकिंग. आमच्या साहेबांनी शिकवलेलं, तेव्हा खोटं वाटलेलं.

कऱ्हाडकर_टेक्सास:
डाय खाली घेऊ नकोस! मऊ पुंगळ्यांचा खांदा सहा-सात थाऊ मागं जाईल, मग दर फायरला त्या ताणल्या जाणार आणि बुडाच्या जरा वर भिंत आतनं पातळ होत जाते. बाहेरनं चकचकीत रिंग दिसते, कधी कधी दिसत पण नाही. पेपरक्लिपचं टोक वाकवून आतनं फिरवून बघ, खाच लागली तर पुंगळी सरळ भंगारात.

प्रेसवाला_कुपवाड:
हे बघायला आवडेल. पुढच्या वेळी येताना एक उभी कापलेली पुंगळी आणा की, भिंतीची जाडी मोजू इथं.

सुभेदार_रिटायर्ड:
अजिबात आणू नका. रिकामी असली तरी एअरपोर्टवर बॅगेत सापडली तर सुट्टी पोलीस स्टेशनात जाईल. फोटो टाका.