'फीड'ला 'रतीब' चालेल का?

मिरजेचा हौशी
फावल्या वेळात वेबवरच्या नव्या साधनांवर आणि तंत्रज्ञानाच्या बातम्यांवर लिहितो. साइटवर आरएसएसचं, म्हणजे नवे लेख आपोआप वाचकाच्या अॅपात आणणाऱ्या 'फीड'चं, नारिंगी बटण आहे, त्याखाली मराठीत काय लिहावं यावर अडलोय. 'वर्गणीदार व्हा' लिहिलं की लोक विचारतात, किती रुपये? त्यात गणपती तोंडावर असले की बघायलाच नको. 'सदस्य व्हा' म्हटलं की फॉर्म कुठाय, ओटीपी येईल का. आरएसएसला यातलं काहीच लागत नाही, साधा ईमेलसुद्धा नाही.

मला 'रतीब लावा' सुचलंय. फेसबुकनं २००६ साली न्यूज फीड आणल्यापासून 'फीड' म्हणजे कंपनी समोर टाकेल ते, असाच अर्थ झालाय. रतीब आपण लावतो, नको झाला की आपणच बंद करतो. घरून मात्र आक्षेप आहे : लोक दूध मागतील.

वाईकर
'रतीब' अरबी आहे. महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला तो कशाला? 'वार्ताप्रवाह' म्हणा. अर्थ स्वच्छ, शब्द आपला.

कृष्णाकाठी
वाईकर, तुमच्या गावात विश्वकोशाचं कार्यालय आहे म्हणून शब्द पाडायचा मक्ता तुम्हालाच का? 'वार्ताप्रवाह' वाचलं की आकाशवाणी सांगली लागल्यासारखं वाटतं. आणि कोश होऊनही हत्ती-घोड्यांना रतीबच मिळत राहिला, त्याचं कुणी 'नित्यान्न' केलं नाही. इंग्रजीतलं फीडही मुळात जनावराचं खाणंच. म्हणजे 'रतीब' दोन्हीकडून बसतो.

वाईकर
मक्ता नाही, पण 'महापौर' आणि 'दिग्दर्शक' हे शब्दही सुरुवातीला लोकांना हसू आणणारेच असणार. वापरले म्हणून रुळले.

कराडचा प्रोग्रामर
शब्द गोड आहे, पण तांत्रिकदृष्ट्या चुकतो. रतीब दारात येतो. आरएसएस कुणी आणून टाकत नाही. साइटवर नव्या लेखांची यादी असलेली एक एक्सएमएल फाइल पडून असते. तुमचं रीडर, म्हणजे फीड वाचायचं अॅप, ठरावीक वेळानं जाऊन विचारतं, 'मागच्या वेळेपासून काही बदललं का?' नसेल बदललं तर सर्व्हर नुसतं ३०४ ('बदल नाही'चा कोड) म्हणतो आणि रीडर हात हलवत परत येतं. हे किटली घेऊन डेअरीवर खेपा घालणं झालं. शिवाय रतीब रोजचा आणि मापाचा. हौशीराव चार महिने गप्प असतात आणि मग एका रात्रीत तीन लेख टाकतात. याला रतीब म्हणायचं?

मिरजेचा हौशी
लागलं ओ. पण खेपा रीडर घालतं, वाचणाऱ्याच्या दारात तर आयतंच येतं की.

शिक्षिका, इस्लामपूर
मराठीत 'रतीब घालणे' हे कौतुकानं कोण म्हणतं? 'कवितांचा रतीब घालतो' म्हणजे लोक कंटाळलेत. स्वतःच्या लेखनाला हा शब्द लावणं धाडसाचं आहे.

मिरजेचा हौशी
बाई, ते घालणाऱ्याला लागू. मी 'लावा' म्हणतोय.

शिक्षिका, इस्लामपूर
तुम्ही घातल्याशिवाय ते लावणार कसे?

माणदेशी
आमची आजी रतीब नाही म्हणायची, 'वरवा' म्हणायची. वरव्याचं दूध. 'वरवा लावा' म्हटलं तर अरबीचा प्रश्नच मिटला, वाईकर खूश.

आटपाडीकर
वरवा? मी पण माणदेशातलाच. आमच्यात हा शब्द कधी ऐकला नाही. रतीबच.

माणदेशी
तुमच्यात म्हणजे पेठेत. वस्तीवर विचारा.

वाईकर
'वरवा' रूढ असेल तर माझी हरकत नाही. वारंवार, वारा, वार याच्याशी काही नातं असावं.

कृष्णाकाठी
आलं, आठवड्याचा वारही आला. आता संस्कृत धातू निघणार.

कराडचा प्रोग्रामर
ज्यांनी आरएसएस काढलं त्यांचं तरी नावावर कुठं एकमत होतं? १९९९ मध्ये नेटस्केपनं आणलं तेव्हा 'आरडीएफ साइट समरी', मग 'रिच साइट समरी', शेवटी 'रिअली सिंपल सिंडिकेशन'. अक्षरं तीच ठेवून तीनदा बारसं. आपण एका बटणावर भांडतोय ते बरंच म्हणायचं.

नवीन सभासद, सातारा
मध्येच विचारतो. गूगल रीडर जुलै २०१३ मध्ये बंद झाल्यावर मी हे सगळं सोडून दिलं होतं. अजून चालतं का?

कराडचा प्रोग्रामर
चालतं की. पॉडकास्ट ऐकता ना? त्यांचे नवे भाग बहुतेक अॅपात आरएसएसनंच येतात. कुणी त्याचं नाव घेत नाही इतकंच.

आटपाडीकर
वस्तीवर फोन केला. चुलते म्हणाले, वरवा हा शब्द आहे, पण तो घरच्या दुधाचा नव्हे, गवळ्याकडून उधारीवर घेतलेल्या दुधाचा.

माणदेशी
उधारीचा संबंधच नाही. आजी रोख द्यायची.