प्रति: सोसायटीत एकच इंटरनेटवाला, तक्रार कुठे करायची?

घोडबंदर रोडच्या त्या सोसायटीत बिल्डर दुसऱ्या इंटरनेटवाल्याला आत येऊच देत नाही, म्हणून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे जा असं वर सुचवलंय. माझ्या मते तो पत्ता चुकीचा. २०२० मध्ये आलेलं हे प्राधिकरण फसव्या जाहिराती, अनुचित व्यापारी प्रथा बघतं, तेही ग्राहकवर्गाच्या सामाईक हितासाठी. एकट्या-दुकट्याचे पैसे वसूल करून देणं त्याचं काम नव्हे.

दुसऱ्याला वाट अडवणं हा विषय भारतीय स्पर्धा आयोगाचा. तिथे कुणीही माहिती (म्हणजे एक प्रकारची तक्रारच) दाखल करू शकतं. २०११ मध्ये डीएलएफ या बिल्डर कंपनीला ६३० कोटींचा दंड झाला, त्याची सुरुवात गुरुग्राममधल्या फ्लॅटमालकांच्या संघटनेनेच केली होती. पण ती बडी कंपनी, बाजारात वर्चस्व असलेली. एका कॉम्प्लेक्सच्या भांडणात आयोग हात घालेल, असं मला तरी वाटत नाही. (ऑस्ट्रेलियात दोन्ही कामं एकाच आयोगाकडे आहेत. आपल्याकडे दारं वेगळी.)

जादा घेतलेले पैसे परत हवे असतील तर आधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन, नाहीतर ठाणे जिल्हा ग्राहक आयोग. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही. आणि सोसायटी नोंदणीकृत झाली असेल तर बिल्डरचा त्या इंटरनेटवाल्याशी झालेला करार कमिटीकडून मागून घ्या, मुदत किती आहे ते बघा.